पोच

‘तुम्हाला पोच म्हणून नाहीच,’ हे वाक्य आमच्या घरात आठवड्यातून सरासरी तीन वेळा उच्चारले जाते आणि तिन्ही वेळा ते मला उद्देशून असते. वास्तविक मी बँकेतला कारकून. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांना पोच देणे ह्यापलीकडे मी काहीही करत नाही. पैसे मिळाले, पोच. चेक मिळाला, पोच. पत्ता बदलल्याचा अर्ज मिळाला, पोच. (पत्ता बदलतो की नाही हा निराळा प्रश्न.) दिवसभर इतकी पोच वाटल्यावर घरी न्यायला ती शिल्लक उरत नाही, एवढाच माझा अपराध.

परंतु पोच ह्या वस्तूची खरी किंमत मला बँकेत कळली नाही आणि घरीही कळली नाही. ती कळली एका नाट्यगृहात, ऐन स्पर्धेच्या दिवशी, जेव्हा एक उत्तम लाइट-बोर्ड आणि काही उत्तम डिमर एकमेकांशी बोलायला तयार होईनात.

आमच्या बँकेत हौशी नाट्यमंडळ आहे आणि मी त्याचा प्रकाशयोजनाकार आहे. हे पद मला गुणवत्तेवर मिळालेले नाही. मी रंगमंचावर एकदाच गेलो. पोस्टमनचे काम होते. ‘तार!’ असे ओरडायचे, नायिकेच्या हातात तार द्यायची आणि जायचे. मी तार दिली आणि सवयीने सहीसाठी थांबलो. नायिका तार वाचून मूर्च्छित पडली तरी मी उभाच. शेवटी विंगेतून कुणीतरी माझी पिशवी ओढली तेव्हा मी आत आलो. त्यानंतर मंडळाने ठरवले की, ह्या माणसाला प्रेक्षकांच्या मागे, काळोखात बसवावे. तेव्हापासून मी लाइट करतो.

त्या वर्षीची एकांकिका आमच्या हेड कॅशियरसाहेबांची होती. साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. तीस वर्षे त्यांनी बँकेच्या नाटकांत कामे केली, पण ती सारी ‘नोकर’, ‘दुसरा गृहस्थ’ आणि ‘गर्दी’ ह्या वर्गातली. पहिल्यांदाच त्यांना मुख्य काम मिळाले होते : बंद पडणाऱ्या एका आडगावच्या स्टेशनचा स्टेशनमास्तर. शेवटच्या प्रवेशात शेवटची गाडी निघून जाते आणि मास्तर बाकावर बसून राहतो. डोक्यावर एकच दिवा. एक शब्द नाही. दीड मिनिटात तो दिवा हळूहळू विझतो आणि पडदा. ह्या दीड मिनिटासाठी साहेब घरी आरशासमोर बसत असत, असे त्यांच्या मंडळींनी आम्हाला सांगितले. म्हणजे साहेबांच्या तीस वर्षांचा हिशेब त्या एका दिव्यावर येऊन ठेपला होता, आणि दिवा माझ्याकडे होता.

प्रयोग संध्याकाळी सहाला. सकाळी अकराला आम्ही नाट्यगृहात पोचलो. डिमर नाट्यगृहाचे, बरेच जुने. बोर्ड भाड्याचा, अगदी नवा, अंगावर दोन पडदे असलेला. भाड्याच्या बोर्डाबरोबर एक मुलगा फुकट येतो. तो मुलगा मला ‘काका’ म्हणत होता. त्याचेही भाडे लागले असते तर मी तक्रार केली असती. त्याने बोर्ड मांडला, वायरी जोडल्या, बटण सरकवले. पडद्यावर आकडा आला : १००. रंगमंचावर काळोख.

‘डिमर गेलेत,’ मुलगा म्हणाला.

नाट्यगृहाचे लाइटवाले अण्णा विंगेत बसले होते. साठीचा माणूस, खांद्यावर पंचा, खिशात टेस्टर. ते काही न बोलता उठले, डिमरच्या कपाटाशी गेले आणि तिथले टेस्टचे बटण दाबले. सगळे दिवे भक्कन लागले. ‘डिमर जागेवर आहेत,’ अण्णा म्हणाले. ‘बोर्ड बघा.’

मुलाने बोर्डाला आपला एक सुटा दिवा थेट जोडून दाखवला. तो लागला. ‘बोर्ड जागेवर आहे, काका.’

मुलाची बाजू निर्दोष, मुलीची बाजू निर्दोष, आणि लग्न मात्र जुळत नाही, असा तो मामला होता. अशा वेळी दोष कुंडलीवर ढकलतात. इथे कुंडली म्हणजे मधली वायर. ह्या मधल्या वायरीचा इतिहास मी पुढे लायब्ररीत बसून वाचून काढला. तो फार करमणुकीचा आहे. थोडक्यात सांगायचे तर, माणसाचा हात दिव्यापासून दूर दूर कसा गेला, त्याची ती कहाणी आहे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. दिवा तेलाचा. तो मोठा करायचा तर माणूस दिव्यापाशी जाणार आणि वात सारणार. वात सारली की दिवा वाढला, हे सारणाऱ्याला दिसत होते. नाहीतर बोट भाजून कळत होते. पोच जागच्या जागी.

तिकडे लंडनमध्ये ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ह्या थिएटरांत १८१७ सालीच गॅसचे दिवे आले होते. पुढे साऱ्या दिव्यांच्या नळ्या एका जागी आणून तिथे तोट्या बसवल्या. त्याला ‘गॅस टेबल’ म्हणत. आजच्या लाइट-बोर्डाचे हे पणजोबा. एक माणूस एका जागी उभा राहून सगळा रंगमंच उजळू-मावळू लागला. हात दिव्यापासून पहिल्यांदा एक नळीभर लांब गेला.

ह्या काळातला माझा आवडता दिवा म्हणजे लाइमलाइट. चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जळती ज्योत सोडायची, की कांडी पांढरीशुभ्र तळपते. १८३७ साली कॉव्हेंट गार्डनला तो आला. पण ह्या दिव्याचे नखरे असे की, दर दिव्यामागे एक माणूस. कांडी झिजली की फिरवायची, गॅस सांभाळायचा, नटाच्या मागे झोत न्यायचा. नटाला प्रसिद्धी, फिरवणाऱ्याला चुना. लाइटवाल्याचे नशीब तेव्हापासून ठरलेले आहे.

गॅसची एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नातल्या रिंग थिएटरात गॅसच्या दिव्यांतून आग लागली आणि शेकडो माणसे मेली. बरोबर वीस दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पहिल्यांदा विजेच्या दिव्यांत नाटक झाले. थिएटरचा मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, एक जळता बल्ब तलम कापडात गुंडाळला आणि सर्वांदेखत फोडला. बल्ब विझला, कापड जळले नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या कडकडाटात सुटकेचा निःश्वास किती असेल, ह्याची कल्पना वीस दिवसांपूर्वीची बातमी आठवली की येते.

वीज आली, पण तिला मंद कशी करायची? त्यासाठी जे उपाय निघाले त्यांतला एक होता मिठाचे पाणी. मडक्यात खारे पाणी, त्यात धातूचे दोन तुकडे. तुकडे जवळ आणले की दिवा वाढतो, लांब नेले की मंदावतो. फार वेळ चालले की पाणी उकळते. ‘माझ्या गुरूने केलंय हे,’ अण्णा म्हणाले. ‘जत्रेतल्या नाटकात. दुःखाचा प्रवेश लांबला की विंगेतून वाफ यायची. लोक म्हणायचे, काय वातावरण निर्माण केलंय!’

पुढे तारांच्या आणि लिव्हरांच्या भल्यामोठ्या पाट्या आल्या. त्या असत विंगेत किंवा रंगमंचाच्या पोटात, म्हणजे जो माणूस लाइट करायचा त्यालाच लाइट दिसत नसे. हे चूक आहे असे म्हणणारा इंग्लंडात एक फ्रेड बेंथम निघाला. त्याने १९३५ साली सिनेमा थिएटरातल्या ऑर्गनसारखा लाइट-बोर्ड केला. समोर बसायचे, रंगमंच बघायचा आणि पेटी वाजवल्यासारखे दिवे वाजवायचे. हात आता दिव्यापासून थेट प्रेक्षागृहाच्या टोकाला गेला. मग १९७५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर ह्या बाईंनी कॉम्प्युटरचा बोर्ड आणला. ब्रॉडवेवरचा तो पहिला. कुठल्या प्रवेशाला कुठला दिवा किती, हे यंत्राच्या लक्षात राहू लागले. बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा कारकुनांना जे वाटले तेच तिथल्या लाइटवाल्यांना वाटले असणार.

आणि इथून भांडणे सुरू झाली. कारण बोर्ड करणारा एक, डिमर करणारा दुसरा, आणि दोघांच्या भाषा वेगळ्या. आधी दर डिमरला एक वायर होती; शंभर डिमर तर शंभर वायरी. एका कंपनीचा दिवा पूर्ण लागायचा तर अधिक दहा व्होल्ट द्यावे लागत, दुसरीचा उणे दहा. आमच्याकडे जमा ती त्यांच्याकडे नावे! मग एकाच वायरीतून अनेक डिमरांचे निरोप पाठवण्याची युक्ती निघाली, पण तीही दर कंपनीची आपापली. बोर्ड एकाचा घेतला की डिमरही त्याचेच घ्या, नाहीतर मध्ये दुभाषा ठेवा.

हा घोळ अमेरिकेतल्या थिएटर टेक्नॉलॉजीच्या संस्थेत बसून लोकांनी १९८६ साली मिटवला. त्यांनी सर्वांसाठी एक भाषा ठरवली : डीएमएक्स ५१२. १९९० साली ती सुधारली. आपल्याकडे १९८०च्या दशकातच चेकच्या तळाशी ते विचित्र काळे आकडे आले, जे कुठल्याही बँकेचा चेक कुठल्याही यंत्राला वाचता यावा म्हणून असतात, त्यातलाच प्रकार. ज्याने दोन्ही बाजूंनी चेक वाचले आहेत त्यालाच ह्या शोधाची थोरवी कळेल.

डीएमएक्स म्हणजे काय, हे बँकेच्या भाषेत सांगतो. ५१२ खात्यांचे एक लेजर आहे. दर खात्यात ० ते २५५ ह्यांतला एक आकडा. ० म्हणजे दिवा बंद, २५५ म्हणजे पूर्ण. बोर्ड हा एक कारकून. तो पहिल्या खात्यापासून ५१२व्या खात्यापर्यंतचे आकडे मोठ्याने वाचतो, संपले की पुन्हा पहिल्यापासून. सगळे लेजर सेकंदाला सुमारे ४४ वेळा! (आमच्याकडे वर्षातून एकदा होते, तेही ऑडिटर आला तर.) प्रत्येक दिव्याला आपला खातेनंबर ठाऊक असतो. तो आपला आकडा ऐकतो आणि तेवढा लागतो.

एवढेच. आणि ह्या ‘एवढेच’मध्ये सगळी गोम आहे. कारकून वाचतो, पण ऐकत नाही. दिवा ऐकतो, पण बोलत नाही. ‘मिळाले’ असे कुणी कुणाला सांगायचे नाही. वाचताना चूक झाली तर ती पकडण्याची सोय नाही. ४४ वेळा वाचतोय ना, एकदा चुकले तर पुढच्या वेळी बरोबर ऐकू येईल, असा विश्वास. म्हणूनच ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि जगभर टिकली आहे. आणि म्हणूनच तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, ज्यात माणसाच्या जिवाला धोका आहे अशा कामांना ही भाषा वापरू नये. रंगमंचावरचे स्फोट किंवा डोक्यावर टांगलेले सेट हिच्या भरवशावर सोडायचे नाहीत. थोडक्यात, डीएमएक्सला पोच नाही! हे कळल्यावर मला तिच्याविषयी एकदम घरोबा वाटू लागला.

असो. तर आम्ही वायर तपासू लागलो. डीएमएक्सच्या वायरीला नियमाप्रमाणे पाच पिना असतात. पैकी कामाच्या तीन. दोन भविष्यासाठी राखीव. बँकेतल्या कित्येक रिक्त जागांप्रमाणे त्याही अजून बहुतेक ठिकाणी भरल्या गेलेल्या नाहीत. पण पाच पिनांमागे एक शहाणपण होते : माइकच्या वायरीला तीन पिना असतात, ती चुकून इथे बसू नये. मग लोकांनी काय केले? तीन पिनांचे दिवे काढले. आता माइकची वायर चुकून नव्हे, मुद्दाम बसते. आमच्याकडेही मधला तुकडा माइकचाच निघाला. शिवाय लायनीच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा एक छोटासा रेझिस्टर लावायचा असतो. तो नसला तर निरोप टोकाला आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो. ऑफिसातली कुजबूज फिरून आपल्याच कानावर येते तेव्हा ती ओळखू येत नाही, तसा. अण्णांनी खिशातून तो रेझिस्टर काढला. टेस्टरशेजारीच होता.

वायर बदलली, टोक बांधले. बटण सरकवले. पडद्यावर १००. रंगमंचावर काळोख.

दोन वाजले होते. साहेब स्टेशनमास्तरचा कोट घालून काळोखातच बाकावर जाऊन बसले होते. ‘चालू द्या तुमचं,’ म्हणाले. ‘मी आपला जागेची सवय करतो.’ मला पोटात कसेसेच झाले.

आता शिल्लक राहिला तो मधला डबा. त्याचे असे आहे की, नव्या नाटकांना ५१२ खाती पुरत नाहीत. एकेका एलईडी दिव्याला लाल, हिरवा, निळा अशी तीन-तीन, चार-चार खाती लागतात. म्हणून अनेक लेजरे लागली. एका लेजराला हे लोक ‘युनिव्हर्स’ म्हणतात. विश्व! यशोदेला विश्वरूपदर्शनासाठी कृष्णाचे तोंड उघडावे लागले, इथे दर पाचशेबारा खात्यांमागे एक. ही सगळी विश्वे एकाच वायरीतून न्यावीत म्हणून १९९८ साली लंडनच्या वेन हॉवेल ह्या माणसाने आणि त्याच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने आर्ट-नेट काढले. कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधून डीएमएक्सचे आकडे पाठवायचे आणि दुसऱ्या टोकाला एका डब्याने ते पुन्हा साध्या डीएमएक्समध्ये उतरवायचे. ह्या डब्याला ‘नोड’ म्हणतात. २००९ साली अमेरिकेत एसएसीएन नावाची आणखी एक पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. एक भाषा करण्यासाठी जमलेल्या माणसांच्या हातून निदान दोन तरी भाषा होतातच. साहित्य संमेलनाला जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

मुलगा म्हणाला, ‘काका, बोर्ड पण आर्ट-नेट, नोड पण आर्ट-नेट. यायलाच पाहिजे.’ तो नोडवरचा हिरवा दिवा दाखवत होता. तो मात्र लुकलुकत होता. म्हणजे निरोप येत होता. जात कुठे होता?

ह्यानंतर जे घडले त्याचे श्रेय मंडळाच्या इतिवृत्तात माझ्या नावावर आहे. खरे श्रेय चहाचे. अण्णांनी आणलेला चहा घेताना माझे कोपर बोर्डावर टेकले. टेकले ते एलईडी दिव्यांच्या बटणावर. एलईडी दिवे लागले नाहीत. पण साहेबांच्या डोक्यावरचा साधा, पिवळा दिवा लागला!

मुलगा घाबरून म्हणाला, ‘हे कसं शक्य आहे?’

मी मात्र घाबरलो नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच वाटले की, आपण बी.कॉम. झालो ते वाया गेले नाही. एकाचे पैसे शेजारच्याच्या खात्यात जमा होतात आणि पहिल्याचे कुठेच होत नाहीत, ह्याचा अर्थ कुठल्याही कारकुनाला झोपेतही सांगता येतो : ओळ सरकली आहे. सगळ्या नोंदी एकेक घर पुढे गेल्या आहेत.

‘अरे, तुझा बोर्ड मोजायला कुठून सुरुवात करतो?’ मी विचारले.

‘शून्यापासून, काका. आर्ट-नेट शून्यापासूनच मोजतं.’

‘आणि डब्यात काय भरलंय?’

मुलाने लॅपटॉपवर नोड उघडला. पहिली वायर : विश्व १. दुसरी वायर : विश्व २. बोर्ड पाठवत होता ० आणि १. साध्या दिव्यांचे लेजर होते शून्य नंबरचे. ते ऐकायला कुणीच नव्हते. एलईडीचे लेजर एक नंबरचे. ते डिमर ऐकत होते. आणि दोन नंबरच्या लेजराची वाट बघत एलईडी बिचारे काळोखात उभे होते.

ह्यात कुणाची चूक म्हणावी? आर्ट-नेट शून्यापासून मोजते, एसएसीएन एकापासून, आणि यंत्रे करणारे आपापल्या मर्जीप्रमाणे. आपण तळमजल्याच्या वरच्याला पहिला मजला म्हणतो, अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. म्हणून कुणी घर पाडत नाही. फक्त पाहुणा दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. आमचा प्रकाश पाच तास दुसऱ्याच्या दारात उभा होता, आणि पोच देण्याची पद्धत नसल्यामुळे ‘इथे ते राहत नाहीत’ असे त्याला कुणीच सांगितले नाही.

मुलाने १ चा ० केला, २ चा १ केला. रंगमंच उजळला. साहेबांनी डोळे मिचकावले आणि शांतपणे विचारले, ‘टॅली झालं का?’

झाले नव्हते. साडेचारला रंगीत तालीम सुरू केली आणि मागचा एक जुना एलईडी दिवा आचके देऊ लागला. थोडा वेळ नीट, मग एक झटका, पुन्हा नीट. शेवटच्या प्रवेशात मास्तर एकटा बसलेला आणि मागे तो दिवा उचकी लागल्यासारखा. साहेबांना तर कुणीतरी आठवण काढत असल्याचा भास झाला.

हा झटका कशाचा, ते मुलाने शोधून काढले आणि ते ऐकून मी थक्क झालो. २००६ साली डीएमएक्सला एक जोड मिळाली आहे : आरडीएम. त्याच दोन तारांवरून बोर्डाने विचारायचे, ‘कोण आहे?’ आणि दिव्याने सांगायचे, ‘मी आहे, माझा खातेनंबर अमुक, माझी तब्येत तमुक.’ म्हणजे पोच! इतक्या वर्षांनी ह्या मुक्या बिरादरीला वाचा फुटली. पण हे प्रश्न त्याच तारेवरून मधूनमधून जातात. दर पानाच्या डोक्यावर एक आकडा असतो. शून्य असेल तर खालचे आकडे प्रकाशाचे. दुसरा काही असेल तर पान आपल्यासाठी नाही, सोडून द्यायचे. आमचा जुना दिवा डोके न वाचता मजकूर वाचणाऱ्यांपैकी होता. ‘तू कोण?’ असा प्रश्न आला की त्याला वाटे, इतका उजेड करायला सांगितलाय. आणि तो करी. मथळा न वाचता व्हाउचर पास करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना बढती मिळते.

उपाय एकच होता. मुलाने नोडमधले आरडीएम बंद केले. दिवा शहाणा झाला. म्हणजे पोच द्यायची सोय शेवटी आली होती, आणि वेळेवर नाटक व्हावे म्हणून ती आम्हीच बंद केली!

सहा वाजता तिसरी घंटा झाली. मी मागे बोर्डावर. माझ्या मनात एकच किडा : पडद्यावर १०० दिसते म्हणजे काय? आपण १०० पाठवले, एवढेच. पोचले की नाही, ते पडदा सांगत नाही. सकाळीही त्याने १००च दाखवले होते. मी बसल्या जागेवरून साहेबांच्या डोक्यावरचा दिवा मला दिसत नव्हता, झालरीआड होता. त्याचा उजेड दिसला असता, पण मंदावू लागल्याचा पहिला क्षण काही डोळ्यांना कळत नाही. मी हे अण्णांना आधीच बोललो होतो. अण्णा म्हणाले होते, ‘साहेब, मी विंगेत उभा राहतो. दिवा हलला की हात वर करतो.’

शेवटची गाडी गेली. मास्तर बाकावर बसला. मी बटण दाबले. पडद्यावर ९९, ९८… मी विंगेकडे पाहिले. काळोखात पांढऱ्या पंचाची कड दिसत होती. आणि एक हात वर आला.

तेवढेच. शंभरावर वर्षांच्या यंत्रांनी मिळून जे मला सांगितले नव्हते ते त्या हाताने सांगितले : मिळाले.

मग मी पडद्याकडे बघायचे सोडून दिले आणि साहेबांकडे पाहिले. हेड कॅशियर मला तिथे दिसलेच नाहीत. एक म्हातारा स्टेशनमास्तर होता. त्याचा चेहरा गेला, मग हात गेले, मग कोटाची पितळी बटणे गेली. सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. टाळ्या पडद्यानंतर थोड्या उशिराने आल्या.

आम्हाला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी प्रकाशयोजनेचा उल्लेखही केला नाही, आणि जाणकार सांगतात की, लाइट चांगले झाल्याची हीच खूण आहे. साहेब मेकअप पुसता पुसता म्हणाले, ‘अहो, दिवा गेला कधी ते मला कळलंच नाही हो.’ मी म्हटले, ‘मलाही कळलं नसतं.’ अण्णा वायर गुंडाळत होते. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट, पिळ न पडू देता. शेवटी त्यांनी टोकाचा तो रेझिस्टर काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर एक निवृत्त मास्तर आले. दर महिन्याला येतात. पैसे भरतात, मी खाली मान घालून शिक्का मारतो आणि पावती फटीतून सरकवतो. त्या दिवशी मी शिक्का मारला, मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणालो, ‘मिळाले बरं का, सर.’

मास्तरांनी पावती उलटसुलट करून पाहिली. चष्मा काढून पुन्हा पाहिली. मग फटीशी तोंड आणून हळूच विचारले, ‘का हो, बँकेत काही गडबड झालीय का?’